टेकडीच्या खालच्या वाटेवरचा दरवाजा

मित्रांनो, माझा हिरवा रंग आता कोपऱ्याकोपऱ्यांतच उरला आहे. मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. डिचोलीच्या बाजारामागे आनंदा वेल्डरच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. आनंदा मूळचा कोल्हापूरकडचा. खनिजाच्या ट्रकांचे फाळके जोडता जोडता त्याचा हात पक्का झाला होता. गोवा घटक राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती. गावाबाहेरच्या टेकडीवर प्लॉट पडले, बंगले उठले आणि त्या कॉलनीसाठी त्याने मला बनवले.

"सायेब, हत्ती आला तरी हलायचा न्हाई," तो कॉलनीच्या लोकांना म्हणाला, आणि मी फुशारलो.

कॉलनी मोठी देखणी होती. कुंपणांवर बोगनवेल, पोर्चमध्ये गाड्या. पण सकाळी आठच्या आत सारी टेकडी रिकामी व्हायची. कोणी पणजीला बँकेत, कोणी सचिवालयात, कोणी थेट मुरगावला बंदरावर. माणसे परतायची तेव्हा दिवे लागलेले असत. मधल्या वेळात कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नसे.

गाड्यांचा रस्ता वरच्या अंगाला होता. मला लावले खालच्या अंगाला, गावातून चढून येणाऱ्या पायवाटेवर. ती वाट कॉलनीच्याही आधीची. कामाला येणाऱ्या बायका, शाळेची पोरे, शिरगावच्या देवीच्या जत्रेला निघालेले व्रतस्थ धोंड, सारे तिथूनच जात. मी दिवसभर उघडाच असे. मग एका बंगल्यातून गॅसचा सिलिंडर चोरीला गेला. बैठक झाली. कॉलनीच्या समितीचा चिटणीस होता सुधीर, बँकेतला अधिकारी. त्याने ठरवून टाकले, दिवसभर मला कुलूप. किल्ली वरच्या रखवालदाराकडे, गोपाळकडे.

सुधीरचे वडील कृष्णनाथ मास्तर पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचा बंगला माझ्या अगदी जवळ. मुलगा आणि सून वर्षा कामावर गेली, की मास्तर बाहेरच्या सोप्यावर येऊन बसत आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. कुलुपाचा निर्णय ऐकून ते म्हणाले, "अरे, चोराला वाटा पुष्कळ. अडतील ती आमची माणसं."

"बाबा, दिवसभर तुम्ही एकटे असता. तुमच्यासाठीच करतोय हे," सुधीर म्हणाला. ते खोटे नव्हते.

गावातल्या सिंधूबाई कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करत. आता त्यांना वरून अर्ध्या तासाचा वळसा पडू लागला. तरी दुपारी शेळ्या चारायला त्या माझ्यापलीकडे येत आणि गजांमधून मास्तरांशी बोलत. साऱ्या दिवसात मास्तरांना बोलायला तेवढेच माणूस मिळे.

वैशाखातल्या एका दुपारी मास्तर बोलता बोलता सोप्यावरून घसरले. तोंड एका बाजूला ओढले गेले. शब्द फुटेना.

"मास्तर! कितें जालें वो?" सिंधूबाई ओरडल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी गदागदा हलवले. वीस बंगल्यांना हाका मारल्या. एकाही खिडकीतून कोणी डोकावले नाही. गोपाळ किल्लीसकट जेवायला गेला होता. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या माझ्यावर चढल्या. माझ्या वरच्या पट्टीने त्यांचा दंड फाडला. मित्रांनो, ते रक्त माझ्या अंगावरून ओघळले आणि मला काहीही करता आले नाही.

मास्तरांचे डोके मांडीवर घेऊन त्या गावाच्या दिशेने हाका मारत राहिल्या. आनंदा त्या दिवशी गावात एका खिडकीची जाळी बसवत होता. तो करवत घेऊन धावत आला. कुलूप कापता कापता "मीच केलाय ह्यो, मीच," एवढेच तो पुटपुटत होता. अखेर मी उघडलो. गावातला टेंपो आला आणि मास्तरांना घेऊन इस्पितळाकडे पळाला.

"तासभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मास्तर वाचले, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. चाळीस वर्षे मुलांशी बोललेला माणूस मुका झाला.

पुढच्या रविवारी समिती बसली. एक गृहस्थ म्हणाले, "बाई चढू शकते, म्हणजे चोरही चढेल. वर टोकदार भाले बसवून घेऊ." सुधीरने ते लिहून घेतले. भाले लांबणीवर पडले, पण मला नवे कुलूप आले.

महिन्याभराने मास्तर घरी आले. पहिल्याच सकाळी काठी टेकत माझ्यापाशी आले आणि डाव्या हाताने कुलूप ओढू लागले. ते निघेना. दुसऱ्या सकाळी पुन्हा आले, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी सुधीर बँकेत निघाला होता. त्याने पाहिले, वडील काठीने कुलपावर मारत आहेत आणि त्यांच्या घशातून नुसता आवाज येतो आहे.

"बाबा, चला आत," तो म्हणाला. मास्तरांनी त्याचा हात धरून कुलपावर ठेवला.

सुधीर त्या दिवशी बँकेत गेला नाही. त्याने आनंदाला बोलावले आणि दोघांनी मिळून मला बिजागऱ्यांवरून उतरवले. समितीतले लोक खवळले. सुधीरने चिटणीसपद सोडले, दरवाजा मात्र पुन्हा बसू दिला नाही.

सिंधूबाई तिथेच उभ्या होत्या. "हो दरवाजो माका दियात, सायबा. दोडक्याक मांडव जातलो."

तेव्हापासून मी त्यांच्या परसात दोडक्याच्या वेलाचा मांडव होऊन आहे. वाट पुन्हा वाहती झाली. मास्तर आणखी तीन वर्षे जगले. येणारी-जाणारी माणसे त्यांच्या सोप्यावर घटकाभर टेकत, घरच्या गोष्टी सांगत, आणि मास्तर ऐकत. हे मला सिंधूबाईंच्या बोलण्यातून कळे.

मित्रांनो, दरवाजे लावा, कुलपेही लावा. आपल्या माणसांची काळजी कोणाला नसते? फक्त एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवत जा. आणि त्याचे नाव ठाऊक नसेल, तर आज संध्याकाळीच जाऊन विचारा.