लोखंडानंतर

इसरूने चुलीतून लाल झालेला लोखंडाचा गोळा चिमट्याने उचलला आणि पेजेच्या भगोन्यात सोडला. चर्र करून वाफ उठली. ती विरेपर्यंत तो भगोन्यावर वाकून राहिला. त्याच्या आज्याने डोंगरातला दगड भट्टीत गाळून काढलेलं हे लोखंड. घरात कुणाचं रक्त कमी पडलं की ते असंच तापवून पेजेत विझवायचं.

"निवली की पेऊन घेजो, दीपे," तो नातीला म्हणाला. "तुह्या आजीचा एक दिवस चुकवला नाई मी."

दाराशी बसलेल्या दुर्गाने मान खाली घातली. तिच्या मायला, सोमारीला, जाऊन महिना झाला होता. सोमारीला सिकलसेल, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागलं. काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दुर्गाला बसवून घेऊन सांगितलं, की त्या रक्तातलं लोखंड यकृतात, हृदयात साचत गेलं आणि त्यानेच हृदय थांबलं. अशा रोग्याच्या पोटात बाहेरून आणखी लोखंड जायला नको होतं. भावाच्या लेकीला, दीपिकाला, तोच आजार. तिलाही आता रक्त चढू लागलं होतं.

हे बापाला सांगायचं होतं. पेज निवण्याआधी.

दीपिकाला मात्र उद्या वर्गात ताऱ्यांवर बोलायचं होतं. पुस्तक मांडीवर घेऊन ती झुलत होती.

"आत्या, ढगातून तारा जन्मते. हायड्रोजन जाळते. तो सरला की हेलियम. मंग?"

"तारा मोठा असला तर जाळतच राह्यते. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. एकाची राख ते दुसऱ्याचं जळण."

"म्हंजे आपल्या चुलीपेक्षा शहाना हाय," इसरू हसला. "आन् सगळ्यात शेवटी?"

दुर्गाने भगोन्याकडे पाहिलं. वाफ पातळ झाली होती.

"शेवटी लोखंड, बाबा."

"घ्या! मंग तर पक्का होत असन गडी."

"नाई होत. लोखंडातून ऊब भेटत नाई. ते नुसतं मधोमध साचत जाते. बाहेरून तारा फुगते, लाल दिसते. पाहणाऱ्याले वाटते, आता बरा झाला. अन् मंग तो आतल्या आत कोसळते."

"बाप रे! लवकर?" दीपिकाने विचारलं.

"लोखंड भरलं की वेळ लागत नाई."

इसरूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून ते निघून गेलं. चिमटा त्याने जमिनीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"सोमारीचं तोंडही फुगलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, पेज अंगी लागून राह्यली."

दीपिकाने वाटी पुढे ओढली. दुर्गाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"दुर्गे, त्या ताऱ्यात लोखंड टाकते कोन?"

"कोनी नाई, बाबा." तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. "त्याचं त्याच्यातच बनते."

इसरूने मान डोलावली. मग दोन्ही हातांनी भगोनं उचलून तो कुंपणापर्यंत गेला आणि पेज मातीत ओतली. गोळा दगडावर आपटून घरंगळला. शितं टिपायला कोंबडी धावत आली, तर तिला त्याने पायाने हाकललं. ती पुन्हा आली, तर खडा मारला.

"आजा, मी काय पेऊ मंग?"

"आत्याले विचार."

त्याने चपला पायात सरकवल्या. अंगात सदराही नव्हता.

"बाबा, कुठी चालले?"

"बुधरीच्या घरी. पोचूकडंही." तो थांबला नाही. "त्यायच्या पोराईलेही रक्त चढते. सकाळीच पेज पाजून आलो."

दुर्गा उठून दारापर्यंत आली. गल्लीच्या फाट्यावर इसरू उभा राहिला होता. डावीकडे दोन पावलं गेला, परत आला, उजवीकडे वळला आणि पुन्हा थांबला. आधी कोणत्या घरी जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.