जिभेमागचा मणी

टेलरबाईंच्या दुकानापुढे सकाळी आठपासून रांग होती, पण कपडे शिवायला कोणीच आलं नव्हतं. बाईंच्या जिभेच्या मुळाशी एक लालसर गोळा होता आणि तो बघायला अख्खी गल्ली लोटली होती. सासूबाई दारात टॉर्च घेऊन उभ्या.

"एकेक जण या! ढकलाढकली नको! आ कर गं."

बाई आ करत. लोक वाकून बघत, हात जोडत आणि पुन्हा रांगेत मागे जाऊन उभे राहत.

हा गोळा म्हणजे दिव्य मणी, असं निदान गल्लीत नव्याने आलेल्या मणीबाबांचं. बाईंना दिवसभर झोप येई, ती म्हणे समाधी. भर उन्हाळ्यात स्वेटर लागे, तो म्हणे आतला शीतल प्रकाश. वजन वाढलं, ते म्हणे पुण्य साठतंय. आवाज जड झाला, तो म्हणे मण्याचा नाद. बद्धकोष्ठालाही बाबांनी काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण ते बाईंच्या लक्षात राहिलं नाही. खरं सांगायचं तर बाईंना हे थोडं आवडतही होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई त्यांना चहा हातात आणून देत होत्या.

फक्त एकच भीती होती. "मणी पिकलाय! रविवारी रेशमी दोऱ्याने ओढून काढतो," असं बाबांनी जाहीर केलं होतं.

बुधवारी बाबांनी नमुना दाखवला. किराणावाल्याच्या तोंडात दोन बोटं घातली, डोळे फिरवले, हुंकार दिला आणि लालभडक मणी बाहेर काढला. टाळ्या पडल्या. "हातात घेऊन बघ, माते. घाबरू नकोस."

बाईंनी मणी उलटा केला. ते कोटाचं काचेचं बटण होतं. मागची कडी कानशीने घासून काढलेली. गेल्याच आठवड्यात बाबांचा शिष्य असली डझनभर बटणं त्यांच्याच दुकानातून घेऊन गेला होता!

दोरा जुळवून आणते असं घरी सांगून बाई थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी केली आणि एक स्कॅन काढला.

"तुमच्या गळ्यात थायरॉइड ग्रंथी नाहीच."

"अगंबाई! हरवली?"

"वाटेत थांबली. बाळ आईच्या पोटात असताना ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली गळ्यात उतरते. तुमची उतरलीच नाही, हा गोळा म्हणजे तीच. आहे ती एवढीच, आणि तीही काम पुरेसं करत नाही. म्हणून ही झोप, ही थंडी, हे वजन."

"आणि कोणी ओढून काढली तर?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "रक्त थांबणार नाही. श्वास अडकेल. त्यातून वाचलात तरी शरीरात थायरॉइडचा कणही उरणार नाही. रोज उपाशीपोटी एक गोळी घ्या, गोळा हळूहळू आकसेल. नाहीच आकसला, श्वासाला त्रास झाला, तर शस्त्रक्रिया करू. पण ती आम्ही करू, तपासून आणि भूल देऊन."

रविवारी बाबा दोरा घेऊन हजर. "तोंड उघड, माते!"

"आधी तुम्ही मूठ उघडा."

"मुठीत शक्ती आहे!"

"असू दे की. बघू तरी." बाईंनी बाबांची बोटं उलगडली आणि लाल मणी टपकन खाली पडला. त्याच्या शेजारी त्यांनी डब्यातलं कडीचं बटण ठेवलं.

"मग माझ्या तोंडातून काय निघालं?" किराणावाला ओरडला.

"माझ्या दुकानातलं बटण. ते काढणाऱ्या बोटांना साबण लागला होता का, ते बाबांनाच विचारा."

किराणावाला गटाराकडे धावला. त्या गडबडीत बाबांनी आणि शिष्याने काढता पाय घेतला.

सासूबाई अजून टॉर्च धरून उभ्या होत्या. "पण गोळा तर खरा आहे ना गं?"

"खरा आहे, आई. म्हणून तर घाबरले. आज तो ओढला असता ना, तर मी गेले असते हो."

सासूबाईंनी टॉर्च बंद केला आणि त्या भर गल्लीत रडल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी गोळी आणि पाणी त्याच आणून देऊ लागल्या. सहा महिन्यांत गोळा बराच आकसला, बाईंचा आवाज मोकळा झाला, स्वेटर पेटीत गेला.

दुखणं घेऊन कोणी सल्ला विचारायला आलं की बाई मशीन थांबवतात. "दुखणं खरं असतं हो. त्याची सांगितलेली गोष्ट खोटी असू शकते. कोणी काही काढतो म्हणाला, तर आधी विचारा, तपासलंस का? आणि ते काढल्यावर माझ्यात काय उरेल?"