रिकामी सुटकेस

नाटकातली सुटकेस रिकामी असते, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार? स्टेजवरची मांडामांड मीच करते, प्रॉम्प्टिंगही मीच. आज ती पलंगाखाली सरकवायला गेले, तर जागची हलेना. उघडली. आत माझ्या भावजयीचे रोजचे कपडे, कॉलेजची सर्टिफिकेटं, बीपीच्या गोळ्या. शेवटच्या प्रवेशात बायको घर सोडून जाते, आणि बायकोचं काम करणारी आमची ही आज खरंच निघाली होती.

नाटकातला नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिचा खराही नवरा तोच. घराबाहेर पडताना तिची पर्ससुद्धा तपासणारा. सामान बाहेर काढायला बिचारीला एवढीच वाट सापडली, पण घाबरलेल्या माणसाचं डोकं चालतं कुठे? त्याच प्रवेशात तो दर प्रयोगाला तिच्या हातातून सुटकेस हिसकावून घेतो. वजन लागलं की संपलंच. मागे एकदा निघाली होती, तेव्हा त्याने पिरगाळलेलं मनगट अजून नीट वळत नाही.

मध्यंतरात मी सगळं माझ्या पिशवीत भरलं. तिला सांगायला गेले, तर हा तिच्याच शेजारी मिशी चिकटवत बसलेला. तशीच परत फिरले.

शेवटचा प्रवेश आला. तिने सुटकेस उचलली, हलकी लागली आणि ती पांढरीफटक पडली. त्याला कळलं, असंच वाटलं असणार तिला. दातखीळ बसली. तो तिच्या वाक्याची वाट बघत उभा. मी विंगेतून वाक्य दिलं, नाटकात नसलेलं.

"सामान माझ्याकडे आहे. तू ये."

त्यालाही ऐकू गेलं. जाणारच. त्याने सुटकेस हिसकावली, तशी ती हातातली सोडून सेटवरच्या दारातून विंगेत माझ्यापाशी आली. पिशवी घेतली, माझा हात घट्ट दाबला आणि मागच्या दाराकडे पळाली.

पुढे त्याचं लांबलचक स्वगत. टाळ्यांचा भुकेला मेला, हट्टाने लिहून घेतलेलं. आज मात्र माझ्यावर डोळे रोखून भराभर उरकायला लागला, वाक्यं गाळायला लागला. मी प्रत्येक गाळलेलं वाक्य पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दिलं. लोकांसमोर शोभा नको म्हणून त्याला ते म्हणावंच लागलं. आई गेल्यावर त्याला बोलायला मीच शिकवलं होतं.

मग वाक्यं संपली. पडदा पडला आणि टाळ्या चालू असतानाच तो विंगेकडे वळला. मी खुर्ची मागच्या दाराच्या वाटेत ओढली आणि बसले.