बोलायची पाळी

तिनं हात वर केला. गटचर्चेच्या टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्या मुलांपैकी एकानंही तिकडं पाहिलं नाही. पाहतील कशाला? सगळे एकमेकांच्या तोंडचं वाक्य हिसकावण्यात गुंग होते, आणि नोकरी देणाऱ्या कंपनीच्या बाई कोपऱ्यात बसून त्याचेच गुण देत होत्या.

मागच्या बाकावर संभाषणकौशल्य शिकवणारे सर नुसते चुळबुळत होते. अगं बये, घुस की मध्ये! पण त्यांना तोंड उघडायला सक्त मनाई. कॉलेजात नोकऱ्या द्यायला येणारी वर्षातली ही शेवटची कंपनी. इथं जमलं नाही तर पदवी गुंडाळून आईशेजारी शिवणकामाला बसायचं, हे तिनंच त्यांना सांगितलं होतं.

तिच्या शाळेत विचारल्याशिवाय बोललं की थेट वर्गाबाहेर. त्या शाळेत ती दरवर्षी पहिली यायची. म्हणजे गप्प बसण्यातही पहिलीच. समोरची मुलं मात्र मोठमोठ्या शाळांतून वाद घालतच वाढलेली. विषय कळला नव्हता तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

सरावात ती झकास बोलायची. सरांनी ते चारचौघांत मिरवलंही होतं. प्रत्येक वेळी ‘हं, आता तू’ असं आपणच म्हणत होतो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

एक मुलगा पाणी प्यायला थांबला. ती चटकन उठून उभी राहिली, हाताची घडी घातली. कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं परवानगीसाठी बाईंकडं पाहिलं. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं.

“वेळ संपली. थँक्यू.”

बाहेर ती धावतच सरांकडं आली. चेहरा नुसता फुललेला.

“सर, बघितलंत ना? सगळे कसे ओरडत होते! मी एकदाही कुणाला मध्ये तोडलं नाही.”

खरं ते सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“हो गं. बघितलं.”

“मग बाबांना तुम्हीच सांगा ना.” तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिलासुद्धा.

“सर, कशी वागली हो आमची पोर?” बापानं विचारलं.

“सगळ्यांत शिस्तीत तीच वागली,” सर म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“मग झालंच की काम!” पलीकडं बाप हसला आणि घरात हाक मारून सांगू लागला, “अगं ऐकलंस का, लागली आपली पोर नोकरीला!”