मरळीच्या पिल्लांवर टाकलेला बेडूक

साहेब, तलावाभोवती तुम्ही बाग केलीत, झोपाळे टांगलेत, गळ टाकायला तिकीट लावलंत. पण कुंदाबाईचा अर्ज कुठे दाबून ठेवलात? तो अर्ज पडून राहिला आणि इकडे एक मरळ मेली. मारली मीच. मला बोलायचं तोंड नाही, तरी बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना रबरी बेडूक आहे. गळाला लावायचा, खोटा. साच्यातून निघालो, पाठीवर हिरवा रंग चढला, पोटाखाली दोन लोखंडी आकडे बसवले. गोंदियातल्या कापड दुकानदारानं, उमेंद्रनं, मला घेतलं आणि पहिल्याच रविवारी एका गावच्या बोडीत, लहानशा तळ्यात, मी त्याला हातभर मरळ काढून दिली. "मेंढक नहीं, हीरा है," असं तो दोस्तांना सांगत सुटला. मी फुगून गेलो. आता आठवलं की लाज वाटते.

मग त्यानं मला या बागेत आणलं. बाग करताना हा तलाव पुरता उपसला होता, त्यात मरळ नावालाही उरली नव्हती. तलाव कुंदाबाईच्या सासरच्या, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या माणसांनी कधीकाळी बांधलेला. तिला ते बघवलं नाही. कोहमाऱ्याजवळच्या माहेराहून, विहिरीतली मरळीची जोडी तिनं झाकलेल्या बादलीत एसटीनं आणली आणि इथे सोडली. आषाढात पाण्यावर परातीएवढा लाल पिल्लांचा घोळका फिरू लागला. पिल्लं राखत असलेल्या मरळीला इथली जुनी माणसं गळ लावत नाहीत. म्हणून तिनं अर्ज दिला होता, की पिल्लं मोठी होईपर्यंत दोन महिने गळ बंद ठेवा.

त्या सकाळी ती तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून होती. उमेंद्रनं मला दोरीला बांधलं.

"बाबू, तिथं नोको टाकू. लाल पिल्लं दिसून राहिले ना? खाली माय हाये त्यायची."

"आजी, टिकट लिया है मैंने. बोर्डावर कुठे लिहिलंय?"

"लिवलं नाही म्हणूनच त अर्ज देला. दोनदा देला, साहेब वाचूनच राहिले."

"मग साहेबालाच सांग ना."

"साहेब पान्यात गळ टाकून नाही राहिला, तू टाकून राहिला."

उमेंद्र हसला आणि त्यानं मला नेमकं घोळक्याच्या मधोमध टाकलं.

मरळ खालून उसळून आली. मित्रांनो, तिला भूक नव्हती. हा बेडूक लेकरांवर चालून आला, असं तिला वाटलं. तिनं मला तोंडात धरलं ते खायला नाही, हाकलायला. आणि माझे दोन्ही आकडे तिच्या टाळूत शिरले. मी रबराचा. सुटता आलं नाही, सोडवताही आलं नाही.

काठावर ती तडफडली. उमेंद्रनं फोटोसाठी मोबाईल काढला, आणि मग पाण्याकडे बघून परत खिशात घातला. पिल्लं तिथेच गोल गोल फिरत होती. त्यानं घाईनं मला तिच्या टाळूतून ओढून काढलं आणि मरळ पाण्यात सोडली. ती उलटी तरंगली.

"आता कायले सोडतस?" कुंदाबाई म्हणाली. "घरी ने. खाल्ली तरी जाईल."

त्यानं नेली नाही. दोरी तोडून मला काठावरच्या बेशरमाच्या झुडपात भिरकावलं आणि पुन्हा आला नाही.

तेव्हापासून मी इथेच लटकतो आणि बघतो. बगळे आले, मासे टिपणारा किलकिल्या पक्षी आला. मरळीचा नर एकटाच तीन दिवस पिल्लांभोवती घिरट्या घालत होता, मग तोही दिसेना. परातीएवढा घोळका ताटलीएवढा झाला, तळहाताएवढा झाला. आठव्या दिवशी पाणी नुसतं हिरवं.

मित्रांनो, पाण्यावर लाल काही थरथरताना दिसलं, तर गळ गुंडाळा आणि दुसरीकडे बसा. बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी.

आणि साहेब, काल कुंदाबाई इथे बसून तिसरा अर्ज लिहून गेली. माहेरच्या विहिरीत आता एकच जोडी उरली आहे. ती रिकामी बादली घासून ठेवते आणि तुमची वाट बघते. गळ बंद करणार की नाही? जोडी आणायची की विहिरीतच राहू द्यायची? माझ्यासारख्या खुन्याला उत्तर नका देऊ. तिला द्या.