सुरभीचा पडदा

मी एक पडदा. तसा साधा मांजरपाट, जाम गावच्या चौकातल्या ओमप्रकाश शेठच्या दुकानात ठाणात गुंडाळून पडलेलो. त्यांच्या मुलीनं, सुरभीनं, माझे तीन पट्टे जोडून शिवले, कडेला दोरीसाठी काजं केली, आणि मी सिनेमावाला झालो! लेंगा होता होता वाचलो, म्हणून मला भारी तोरा चढला होता.

सुरभी वर्ध्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायची. महिन्यातून एकदा ती मला शाळेच्या पटांगणात दोन लाकडी बल्ल्यांवर ताणायची आणि परदेशातले सिनेमे दाखवायची. तुरुंगात डांबलेले चित्रकार, तोंड दाबलेले पत्रकार. त्यांची भाषा कोणाला कळणार? म्हणून ती माझ्या शेजारी उभी राहून सगळं आपल्या बोलीत सांगायची. माझ्या पुढं बाप्ये बसत, मागं बाया. मागून चित्र उलटं दिसतं, पण म्हाताऱ्या आनंदाबाईला त्याचं काही नव्हतं. माणूस इकडून पाहा का तिकडून, रडते सारखाच, असं ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका खाणमालकाविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकाराचा सिनेमा होता. खाण म्हणजे काय, आनंदाबाईनं मागून विचारलं. सुरभी सांगायच्या भरात बोलून गेली, "रेतीघाट समजा, आजी. अन् हा त्याचा ठेकेदार."

सारं पटांगण हसलं. हसले नाहीत ते फक्त भूपेंद्रभाऊ, आमच्या नदीतली रेती उपसणाऱ्या घाटाचे ठेकेदार.

दुसऱ्या दिवशी बदनामीची तक्रार झाली. पोलीस दुकानात आले. साप्ताहिकानं हात वर केले. सुरभी मात्र हटेना. मी काही खोटं बोलले नाही, म्हणायची. शेवटी शेठनं लेकीपुढं हात जोडले. "माफी मागून टाक, बेटा. याहीच्याच गावात धंदा करून राह्यलो आपण."

तिनं माफीवर सही केली. यापुढं सिनेमा दाखवणार नाही, सांगणार नाही, असंही त्यात होतं. मी कोपऱ्यात घडी होऊन पडलो होतो. माझ्यानं काय होणार होतं?

परवा भूपेंद्रभाऊंचा वाढदिवस झाला. शेठनं मला धुऊन, इस्त्री करून आपणहून पाठवलं. तेच पटांगण, त्याच बल्ल्या. माझ्यावर भाऊंचा सिनेमा लागला: भाऊ झाडं लावताहेत, भाऊ वह्या वाटताहेत. पांढऱ्या कापडाला नाही म्हणता येत नाही. जो उजेड पडेल तो अंगावर घ्यावा लागतो.

बापाच्या धाकानं सुरभीही आली होती, मागं बायांत बसली होती. आनंदाबाईनं तिच्याकडं वळून विचारलं, "काऊन चूप बसली व? सांग ना, हा कोन माणूस होय?"

सुरभीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या अंगभर भाऊंचा चेहरा हसत होता.

"मले नाई माहीत, आजी," ती म्हणाली.

बाबांनो, तेवढं मला आता खाली उतरवा. पोतेरं करा, दुकानातली धूळ पुसा माझ्यानं. पण तिच्यासमोर मला असं ताणून उभं करू नका.