बांधावरची हरणी

शांतम्मांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवरून आलेलं, वहीच्या पानावर लिहिलेलं पत्र. सोलापूरच्या एका दैनिकात काळविटांवर माझा लेख आला होता, खाली माझा पत्ता. मी निवृत्त ग्रंथपाल. काळवीट मी बहुतेक पुस्तकांतच पाहिलेलं.

त्यांनी लिहिलं होतं, 'ज्वारी काढताना पाडस सापडलं. एकटंच होतं म्हणून घरी आणलं. त्याची आई रोज दिवस मावळताना बांधावर येऊन उभी राहते. परत ठेवावं म्हणते, तर मालक म्हणतात, माणसाचा वास लागला, आता ती घेणार नाही. वनखात्याला सांगावं तर केस होईल म्हणतात. तुम्ही सांगाल तसं करू.'

द्यायचं उत्तर एका ओळीचं होतं. सापडलं तिथंच ठेवा आणि लांब जा. पिलाला लपवून आई दूर चरते, हे मला पाठ होतं. पण वासाचं? दोन पुस्तकांत 'घेते' असं होतं, तिसऱ्यात काहीच नव्हतं. चुकीचं सांगितलं तर? तीन पोस्टकार्डं फाडली. पाचव्या दिवशी वाटलं, जाऊनच सांगावं, आणि एसटी धरली.

पाडस त्याच सकाळी मेलं होतं. गाईच्या दुधानं हगवण लागली होती.

शांतम्मांचे मालक सिद्धप्पा मला घरामागच्या टेकडीवर घेऊन गेले. "या सर. दुर्बीण आणलीय न्हवं?"

ऊन उतरल्यावर ती उतारावरून आली. दुर्बिणीतून का होईना, इतक्या जवळून हरणी मी कधीच पाहिली नव्हती. ओली नाकपुडी, पोटाखालचा पांढरा रंग, दुधानं ताठलेली कास. घराकडं बघत दोन पावलं पुढं यायची, कुत्रं भुंकलं की मागं सरायची. आणि मला आनंद झाला. मी वही काढून वेळसुद्धा टिपली.

"बघा की, पोटभर बघा," सिद्धप्पा म्हणाले. "ह्येच्यासाठीच आलाय न्हवं?"

घरी शांतम्मांनी चहा दिला.

"हिनं हात लावला, तितंच संपलं," सिद्धप्पा म्हणाले. "सगळी वस्ती म्हणतीया."

"खरं हाय का वो सर?" शांतम्मांनी विचारलं. "मी परत ठिवलं असतं, तर घेतलं नसतं तिनं?"

"थांब, पुस्तक बघून सांगतील की. धा दिसांनी," सिद्धप्पा म्हणाले.

मी कपात बघत राहिलो. "नक्की सांगता येत नाही," म्हणालो.

शांतम्मांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात लिहायला बसलो. 'घेतलं असतं. त्यासाठीच ती इतके दिवस बांधावर येत होती. वासाचं खोटं आहे. तुमच्या हातानं पाडस मेलं नाही. मी वेळेवर उत्तर दिलं नाही, म्हणून मेलं. हे सिद्धप्पांना वाचून दाखवा.' 'घेतलं असतं'च्या आधी 'बहुधा' लिहिलं होतं, ते खोडलं.

मग लक्षात आलं, हे वाचून त्यांच्यावरचा आळ जाईल, पण पाडस जगलं असतं हेही त्यांना कळेल. आणि हरणी अजून येत असेल. ती किती दिवस येत राहते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पाकिटावर शांतम्मांचं नाव घातलं, तिकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.